प्लास्टिकवर सूक्ष्म नक्षी उठवताना साचा झटपट कसा तापवावा

ॲक्रिलिकच्या तुकड्यावर १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या नाल्या उठवायच्या असतील, तर प्रत्यक्ष दाब देऊन नक्षी उमटायला काही सेकंद पुरतात. तरीही एक तुकडा प्रेसमधून बाहेर यायला पंधरा-वीस मिनिटे जातात. हा वेळ साचा तापण्याची आणि पुन्हा निवण्याची वाट पाहण्यात जातो. रक्ताच्या किंवा पाण्याच्या तपासणीची चिप, प्रकाश पसरवणारी शीट, पाणी न धरणारा पृष्ठभाग अशा कामांचा खर्च ठरतो तो या वाट पाहण्यावरच.

छत्रपती संभाजीनगरला बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती डाय बनवणारे, मोल्डिंग करणारे, हीटर गुंडाळणारे असे कितीतरी छोटे कारखाने उभे राहिले. चिकलठाण्याला साचे-हत्यारे बनवणारी इंडो-जर्मन टूल रूम आहे, प्लास्टिक तंत्रज्ञानाची सिपेट ही संस्था आहे. म्हणजे सूक्ष्म नक्षीच्या कामाला लागणारे हात आणि यंत्रे आपल्याकडे आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि प्रयोगशाळेत प्रोजेक्ट करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. प्रेस जुनीच ठेवून साचा मिनिटांऐवजी सेकंदांत कसा तापवायचा, हे यात क्रमाने मांडले आहे.

आधी उष्णतेचा हिशेब मांडा

हीटर विकत घेण्याआधी वही घ्या. नेहमीच्या हॉट एम्बॉसिंग प्रेसमध्ये, म्हणजे तापवून दाबाने नक्षी उठवणाऱ्या यंत्रात, पोलादाच्या दोन प्लेटन (दाब देणाऱ्या जाड पाट्या) असतात. प्रत्येकी १५० × १५० × ४० मिमी धरल्या, तर दोन्हींचे वजन सुमारे १४ किलो भरते. पोलादाचा एक किलो एक अंशाने तापवायला साधारण ४८० ज्यूल लागतात. ४० अंशांवरून १४० अंशांवर जायचे, तर पावणेसात लाख ज्यूल झाले. हीटर २ किलोवॅटचा असेल आणि गळती शून्य मानली, तरी साडेपाच मिनिटे गेली.

आता प्लास्टिक बघा. ५० × ५० मिमीचा, १ मिमी जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा ३ ग्रॅमचा असतो. त्याला तेवढेच अंश चढवायला लागतात जेमतेम ४५० ज्यूल. खर्च केलेल्या उष्णतेचा दीड हजारावा भागच कामी आला. एक भाकरी भाजायला वीटभट्टी पेटवावी, तसा हा प्रकार. हीटर दुप्पट वॅटचा लावला तरी मूळ दुखणे तसेच राहते. शिवाय तापवलेले १४ किलो पोलाद पुन्हा थंड करायला तितकाच वेळ द्यावा लागतो.

दुसरा आकडा प्लास्टिकच्या स्वभावाचा. ॲक्रिलिकमधून उष्णता फार हळू सरकते. १ मिमी जाडी पार करायला तिला अंदाजे ९ सेकंद लागतात आणि ०.१ मिमीला सेकंदाचा दहावा भाग. वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. नक्षी ५०-१०० मायक्रॉन खोल असेल, तर फक्त वरचा थर मऊ झाला की काम भागते. त्यामुळे पुढे जे जे उपाय येतील त्या सगळ्यांना एकच कसोटी लावा: आपण तापवतोय ते वजन कमी झाले का?

तापमानाचा झोका लहान करा

हा उपाय फुकटचा आहे आणि आश्चर्य म्हणजे तोच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो.

प्रत्येक अस्फटिक प्लास्टिकला एक तापमान असते, ज्याच्या खाली ते काचेसारखे कडक आणि वर रबरासारखे मऊ होते. कारखान्यात त्याला टीजी म्हणतात. ॲक्रिलिकचा टीजी सुमारे १०५ अंश सेल्सिअस, पॉलीस्टायरीनचा ९५ ते १००, पॉलीकार्बोनेटचा १४५ ते १५०. सायक्लिक ओलेफिन नावाच्या प्लास्टिकचा टीजी ग्रेडनुसार बराच बदलतो, म्हणून डेटाशीट बघूनच ठरवा. नक्षी उठवायची ती टीजीच्या २० ते ५० अंश वर आणि तुकडा सोडवायचा तो टीजीच्या २० ते ३० अंश खाली.

म्हणजे ॲक्रिलिकसाठी १३५ ते ८० एवढाच प्रवास पुरतो. बरेच जण खात्रीसाठी साचा हाताला लागेल इतका थंड होईपर्यंत थांबतात. त्याने वेळ तर जातोच, पण नक्षीही बिघडते. ॲक्रिलिक एका अंशाला दहा लाखात ७० भाग आकसते आणि निकेलचा साचा १३ भाग. १०० वरून ४० अंशांपर्यंत एकत्र निवू दिले, तर ५० मिमीच्या तुकड्यावर दोघांच्या आकसण्यात जवळजवळ १७० मायक्रॉनचा फरक पडतो. नाल्यांच्या भिंती साच्याच्या कडांवर घासल्या जातात, उंच खांब मुळापासून कापले जातात. ८० अंशांना सोडवले की हा फरक ६० मायक्रॉनच्या आत राहतो, आणि तोही मध्यापासून दोन्ही बाजूंना वाटला जातो.

वरच्या बाजूचा निर्णय जरा नाजूक आहे. टीजीच्या जवळ प्लास्टिकचा घट्टपणा तापमानासोबत प्रचंड वेगाने उतरतो. २० अंश वर आणि ५० अंश वर या दोन ठिकाणी तो शेकडो ते हजारो पटींनी वेगळा असतो. म्हणून १० अंश जास्त दिल्यास दाबून धरण्याचा वेळ खूप कमी होतो, पण तापवणे-निववणे थोडे वाढते. माझा कल १३५ अंशांपासून सुरुवात करून नक्षी भरली नाही तरच ५-५ अंशांनी चढण्याकडे आहे.

हलका साचा आणि मागे अभ्रक: मुख्य जोडणी

किराणा दुकानात पिशवी बंद करायचे सीलिंग मशीन सगळ्यांनी पाहिले आहे. दांडा दाबला की नायक्रोमची पातळ पट्टी एक-दोन सेकंदांत तापते, प्लास्टिक वितळवते आणि लगेच निवते. पट्टीला वजनच नसते, म्हणून हे जमते. हेच तत्त्व ६० × ६० मिमीच्या जागेत बसवायचे आहे.

खालून वर थर असे लावा. सगळ्यात खाली पाण्याच्या नाल्या असलेला ॲल्युमिनियमचा तळ, तो कायम ४० अंशांच्या आसपास. त्यावर १ मिमी जाडीचे हीटरमध्ये वापरतात ते अभ्रकाचे शीट. त्यावर नायक्रोमची फॉइल, मग पॉलीइमाइडची (उष्णता सहन करणाऱ्या प्लास्टिकची) पातळ टेप आणि त्यावर २ मिमी जाडीचा पितळी साचा, नक्षी वर करून. साच्यावर ॲक्रिलिकचा तुकडा, त्याच्या पाठीवर आरशासारखी पॉलिश केलेली पातळ स्टीलची पत्री आणि शेवटी १-२ मिमीचे उष्णता सहन करणारे सिलिकॉन रबर. रबर दाब सारखा पसरवते आणि उष्णता वर पळू देत नाही. पत्री वगळून रबर सरळ प्लास्टिकला टेकवले, तर पाठ धुरकट येते आणि चिप मायक्रोस्कोपखाली निरुपयोगी ठरते.

अभ्रकाऐवजी साधे ग्लास इपॉक्सी लावायचा मोह होईल, कारण ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते. पण १३०-१४० अंशांना दाबाखाली ते मऊ पडू लागते. अभ्रकच घ्या.

आता हीटर. ५० मायक्रॉन जाडीच्या नायक्रोम फॉइलमधून ४.५ मिमी रुंदीच्या १२ पट्ट्या नागमोडी जोडलेल्या कापून घ्या, दोन पट्ट्यांत अर्धा मिमी फट. प्रत्येक पट्टी ६० मिमी लांब. एकूण रोध साडेतीन ओहमच्या आसपास येतो. ४८ व्होल्टच्या पॉवर सप्लायवर साधारण १४ ॲम्पिअर आणि ६५० वॅट मिळतात. सप्लाय थोडा मोठा, २० ॲम्पिअरचा घ्या. ४८ व्होल्टमुळे २३० व्होल्टचा धोका प्रेसच्या लोखंडापासून दूर राहतो. तरी प्रेसला अर्थिंग हवेच.

पितळी साच्याचे वजन ६० ग्रॅम. ८० वरून १३५ अंशांवर न्यायला त्याला सुमारे १३०० ज्यूल लागतात. प्लास्टिक आणि अभ्रकाचा वाटा धरला तरी १७०० ज्यूलच्या आसपास. ६५० वॅटला हे काम तीन सेकंदांचे. गळती आणि प्लास्टिकमधून उष्णता सरकण्याचा वेळ धरून ८ ते १० सेकंद मोजा. पावणेसात लाख ज्यूलवरून १७०० वर आलो.

अभ्रकाची जाडी हीच या जोडणीची किल्ली आहे. ते जाड केले की तापणे आणखी चपळ होते, पण निवणे लांबते. १ मिमी अभ्रकातून १३५ वरून ८० अंशांवर यायला गणिताने २०-२५ सेकंद लागतात, २ मिमीला जवळपास दुप्पट. अर्धा मिमी केले तर निवणे निम्म्यावर येते, पण तापलेले असताना तळाकडे दुप्पट वॅट गळतात. साधारण नियम असा: जितके सेकंद तापवायचे, तेवढ्या वेळात उष्णता अभ्रकात जितकी आत शिरते तेवढीच जाडी ठेवा. १० सेकंदांना हे अंतर १ मिमीच्या आसपास येते.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. साचा दाबलेला नसताना हीटर चालू करू नका. फॉइलचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर १८ वॅट सोडतो. जिथे साचा टेकलेला नाही तिथे ही उष्णता जायला वाट नसते, टेप काळी पडते आणि पट्टी तुटते. प्रेसवर एक लिमिट स्विच लावून तो हीटरच्या वाटेत जोडा, म्हणजे ही काळजी माणसावर राहणार नाही.

दाबाचा हिशेब सोपा आहे. २ मेगापास्कल दाब ५० × ५० मिमीवर म्हणजे ५०० किलोचा भार. बॉटल जॅकची छोटी प्रेस तो आरामात देते.

दोन प्रेस असतील तर

जुन्या दोन प्रेस पडून असतील, तर वरची सगळी वायरिंग बाजूला ठेवा. एका प्रेसच्या प्लेटन कायम १६० अंशांवर ठेवा, दुसऱ्याच्या कायम ४० वर. पातळ साचा, प्लास्टिक आणि दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्या असे पुडके करून ते आधी गरम प्रेसमध्ये दाबा, मग सरकवून थंड प्रेसमध्ये. जड प्लेटन इथे उपयोगीच पडतात: त्यांचे तापमान बदलायचे नसते, त्या फक्त उष्णतेचा साठा असतात. छोट्या कारखान्याला मी हाच मार्ग आधी सुचवेन. बिघडण्यासारखे यात फार काही नाही आणि शिकाऊ मुलगाही ते चालवू शकतो. सरकवताना दाब सुटतो तेवढ्या क्षणात नक्षी थोडी परत फुगते, म्हणून हालचाल दोन-तीन सेकंदांत व्हायला हवी आणि थंड प्रेसचा दाब गरम प्रेसइतका किंवा थोडा जास्त हवा.

इंडक्शन, इन्फ्रारेड, अल्ट्रासोनिक

इंडक्शनमध्ये, म्हणजे कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवताना, उष्णता धातूच्या सालीत तयार होते. २५ किलोहर्ट्झला साध्या पोलादात ही साल सुमारे ०.१५ मिमी असते, म्हणजे तापवायचे ते जवळजवळ पृष्ठभागावरच. निकेलही चुंबकीय असल्याने निकेलच्या साच्याला ही पद्धत चांगली मानवते. पितळ, ॲल्युमिनियम आणि ३०४ स्टेनलेसला मात्र चुंबक चिकटत नाही; तिथे इंडक्शन फारसे साधत नाही. पारख करायला फ्रिजवरचे चुंबक पुरते. अडचण समानतेची आहे. गोल कॉइलखाली उष्णता कड्यासारखी उमटते, मधोमध थंड राहते, साच्याच्या कडा भाजतात. म्हणून कॉइल साच्याच्या आकाराची करून घ्यावी लागते आणि प्रेसचे लोखंड तापू नये म्हणून मागे फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) लावावे लागते. स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडी उघडून तिची कॉइल वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात.

इन्फ्रारेडमध्ये दिवा निवडण्यातच सगळे आहे. हॅलोजन दिव्याचा प्रकाश १ ते १.२ मायक्रॉनच्या आसपास सर्वात तीव्र असतो आणि स्वच्छ ॲक्रिलिक तो बहुतांशी आरपार जाऊ देते. ५०० अंशांवर तापलेला सिरॅमिक हीटर ३.७ मायक्रॉनच्या आसपास किरण सोडतो. ते ॲक्रिलिकच्या वरच्या थरातच शोषले जातात. त्यामुळे फक्त पृष्ठभाग मऊ करायचा असेल, तर सिरॅमिक हीटरखाली शीट आधी तापवा आणि लगेच कोमट साच्यावर दाबा. उलट काम करायचे असेल, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकमधून पलीकडचा काळा साचा तापवायचा असेल, तर हॅलोजन घ्या.

अल्ट्रासोनिक वेल्डिंग मशीन आपल्या भागात गाड्यांचे दिवे आणि इलेक्ट्रिकल भाग जोडणाऱ्यांकडे असते. २० किलोहर्ट्झची थरथर प्लास्टिकच्या थरांमध्ये घर्षण करते आणि उष्णता प्लास्टिकमध्येच जन्मते. साचा थंडच राहतो, म्हणून दाबून काही सेकंद धरले की तुकडा तयार. जर्मनीत आखेन इथे या पद्धतीवर बरेच काम झाले आहे. एका जाड शीटपेक्षा पातळ फिल्मचे दोन-तीन थर एकावर एक ठेवले तर सुरुवातीची उष्णता लवकर तयार होते. वेग बघता ही पद्धत सर्वांत पुढे आहे, पण तिच्यात तापमान हातात राहत नाही. थरथरीचा आवाका आणि वेळ, दोन्ही जुळवून बघावे लागतात आणि नक्षीची जागा बदलली की पुन्हा पहिल्यापासून. ५-१० मायक्रॉनच्या नाजूक कामाला मी ती वापरणार नाही.

वेगाची सीमा कुठवर जाते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: १९९५ साली अमेरिकेत स्टीफन चौ यांनी ॲक्रिलिकच्या थरावर दाबाने २५ नॅनोमीटरची नक्षी उठवून दाखवली, आणि २००२ मध्ये त्यांच्याच गटाने लेसरच्या एका स्पंदनाने सिलिकॉनचा वरचा थर वितळवून २५० नॅनोसेकंदांत ठसा उमटवला. तिथेही मर्म तेच होते, वितळवला तो थर अत्यंत पातळ होता.

लेसर असो वा हीटर, पीव्हीसी जास्त तापवू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुफ्फुसाला आणि साच्याच्या धातूला सारखाच घातक आहे.

मोजणे आणि आवरणे

झटपट तापणाऱ्या साच्याला जाड थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) चालत नाही. जाड टोकाला स्वतःलाच तापायला काही सेकंद लागतात, तोवर साचा १५ अंश पुढे गेलेला असतो. के टाइपची ०.२ मिमी तार घ्या, साच्याच्या बाजूने भोक पाडून नक्षीच्या १ मिमी खाली तिचे टोक बसवा. इन्फ्रारेड बंदुकीने चकचकीत पितळ मोजले तर वाचन फार खाली येते. मोजायच्या जागी मॅट काळा रंगाचा ठिपका किंवा पॉलीइमाइडची टेप लावा, मगच त्या आकड्यावर विश्वास ठेवा.

हीटर टायमरवर चालवू नका, तापमानावर चालवा. संध्याकाळी लाइनवर भार वाढला की गावाकडे व्होल्टेज १९० पर्यंत उतरणे नवीन नाही. सरळ २३० व्होल्टवर चालणारा हीटर तेव्हा ६८ टक्केच वॅट देतो, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतात. सकाळी जमलेली सेटिंग रात्री बिघडण्याचे कारण बहुधा एवढेच असते. पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून हीटरचे वॅट आपोआप कमी-जास्त करणारा) घ्या, पण त्याच्या ऑटोट्यूनवर, म्हणजे स्वतःच जुळणी करण्यावर, विसंबू नका; ते बहुधा मोठ्या भट्ट्यांसाठी बनवलेले असते आणि इथे आवर्तन काही सेकंदांचे आहे. कंट्रोलर सेकंदाला निदान पाच-दहा वेळा वाचन घेणारा हवा, आणि स्विच रिलेऐवजी सॉलिड स्टेट, डीसीचा.

पाण्याबद्दल मराठवाड्यात वेगळे सांगावे लागते. बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे आणि तळातल्या बारीक नाल्यांत क्षार बसला की निवण्याचा वेळ हळूहळू वाढत जातो, कळतसुद्धा नाही. टाकीचे पाणी सरळ फिरवू नका. मऊ केलेले किंवा आरओचे पाणी छोट्या बंद टाकीत पंपाने फिरवा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणीच ४० अंशांच्या जवळ असते, पण आपल्याला ८० पर्यंतच उतरायचे असल्याने चिलरची गरज पडत नाही.

पहिल्या दिवशीचा क्रम

शीट आधी वाळवा. ॲक्रिलिक ८० अंशांना तीन-चार तास, पॉलीकार्बोनेट १२० अंशांना तेवढेच. पावसाळ्यात हे टाळले की झटपट तापवताना आतल्या ओलाव्याचे बुडबुडे होतात आणि दोष विनाकारण हीटरला लागतो.

तुकडा ठेवा, हलका दाब देऊन टेकवा आणि मगच हीटर चालू करून साचा ८० अंशांवर आणा. १३५ पर्यंत चढवा, मग पूर्ण दाब द्या. कडक प्लास्टिकवर आधीच पूर्ण दाब दिला तर साच्याचे बारीक खांब वाकतात. २० सेकंद धरा. हीटर बंद करा, पण दाब तसाच ठेवून ८० अंशांपर्यंत उतरा. दाब सोडून तुकडा एका कडेने न उचलता सरळ वर सोडवा. साच्याच्या भिंतींना दोन-तीन अंशांचा उतार दिलेला असेल, तर सोडवताना जोर लागत नाही. उतार नसलेला साचा कितीही झटपट तापवला तरी तुकडे फाटणारच, म्हणून साचा कापून घेतानाच हे डायवाल्याला सांगा.

मग तुकडा मायक्रोस्कोपखाली धरा. मधोमध नक्षी भरली आणि कोपऱ्यांत नाही, तर कडा थंड आहेत. हीटर साच्यापेक्षा थोडा मोठा हवा किंवा कडेच्या पट्ट्या किंचित अरुंद हव्यात. सगळीकडेच खोली कमी असेल, तर आधी तापमान ५ अंश वाढवा, दाब नंतर. नाल्यांच्या तळाशी गोल खळगे दिसले, तर ती अडकलेली हवा आहे. दाब टप्प्याटप्प्याने द्या किंवा प्रेसभोवती व्हॅक्यूमची डबी करा. बुडबुडे प्लास्टिकच्या आत असतील, तर पुन्हा वाळवणीकडे बघा.

शेवटी जुन्या एलसीडी स्क्रीनमधून काढलेल्या दोन पोलरायझर फिल्म एकमेकींना आडव्या धरून त्यांच्यामध्ये पॉलीकार्बोनेटचा तुकडा बघा. रंगीत पट्टे दाट दिसले, तर प्लास्टिकमध्ये ताण कोंडला आहे. असा तुकडा आज सरळ दिसतो, पण अल्कोहोल लागताच तडकतो. अशा वेळी निवणे टीजीच्या आसपास जरा मंद करा, हीटर एकदम शून्य न करता पाच-सात सेकंदांत उतरवत न्या. ॲक्रिलिकमध्ये हे पट्टे मुळातच फिके उमटतात, म्हणून त्याची पारख अल्कोहोलचा थेंब कडेला लावून केलेली बरी.